झाड लावले, जगविणार कोण?

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की रोपवाटिकांत गर्दी होते. आंब्याचे, चिकूचे किंवा पेरूचे एखादे कलम घरी येते, परसात हातभर खड्डा खणला जातो आणि दिवेलागणीच्या आत वृक्षारोपण पार पडते. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून झाड लावणे हा आपल्याकडे समारंभ झाला आहे. आणि समारंभ एका दिवसात संपतो. शासनाला हे उमगले आहे असे दिसते. २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान एकदम न देता ५०, ३० व २० टक्के अशा तीन वार्षिक हप्त्यांत देण्याचे ठरले, आणि पुढील दोन हप्त्यांसाठी बागायतीत किमान ९० टक्के, तर कोरडवाहूत ८० टक्के झाडे जिवंत असण्याची अट घालण्यात आली. घरच्या परसात असा हिशेब कोणी मागत नाही.

चूक बहुधा खरेदीपासूनच होते. सर्वांत उंच, शक्य तर फळ लटकलेले कलम निवडण्याकडे गिऱ्हाइकाचा कल असतो. वस्तुतः असे कलम पिशवीत फार दिवस राहिलेले असते व त्याची मुळे आतल्या आत गुंडाळलेली असतात. खड्डा खणावयाचा तो पावसाळ्यात नव्हे, वैशाखात. आंब्यासाठी तो लांबी, रुंदी व खोलीला मीटरभर असावा, उन्हात तापू द्यावा आणि वरच्या थरातील माती व चांगले कुजलेले शेणखत यांनी भरावा. कच्च्या शेणाने वाळवीला मात्र आमंत्रण मिळते. पिशवी फाडून, मुळांभोवतीचा मातीचा गोळा न फोडता, कलमाचा सांधा जमिनीच्या वर राहील अशा बेताने रोप लावावे.

या सांध्याकडे पुढेही लक्ष हवे. त्याच्या खाली, म्हणजे खुंटावर, फुटणारे धुमारे वरच्या कलमापेक्षा जोमाने वाढतात. झाड कसे तरारले म्हणून मालक संतोष मानतो, पण हापूस केव्हाच मेलेला असतो. काही वर्षांनी हाती येतो तो रायवळ. चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात, तेथेही हीच फसगत होते. दर पंधरवड्याला ही फूट हाताने खुडणे एवढाच त्यावरील उपाय आहे. आंब्याला पहिली तीन वर्षे येणारा मोहोरही काढून टाकावा लागतो. निवृत्तीच्या उंबरठ्यावर झाड लावणाऱ्या कारकुनाला हे जिवावर येते; तथापि कोवळ्या झाडाने फळ पोसले तर त्याची वाढ खुंटते.

पाऊस असेतो रोप आपणहून जगते. खरी कसोटी दिवाळीनंतर लागते. खोडाशी रोज तांब्याभर पाणी ओतण्याची सवय निरुपयोगी, किंबहुना अपायकारक असते. ओलावा वरच्या वरच राहतो आणि बुंधा कुजण्याचा धोका असतो. आळे खोडापासून दूर, फांद्यांच्या घेराइतके करून चार-सहा दिवसांआड भरपूर पाणी द्यावे व वर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन पसरावे. पश्चिमेच्या उन्हाला गोणपाटाचा आडोसा पुरतो.

शिक्षकांच्या घरी एक वेगळीच अडचण उभी राहते. शाळेला सुट्टी लागते, मंडळी महिनाभर गावी जातात आणि नेमक्या त्याच मे महिन्यात वर्षभर जपलेले कलम वाळते. त्यावर जुना तोडगा आहे. तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात घातलेले मडके रोपापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावयाचे आणि तोंडावर झाकण ठेवावयाचे. पाणी हळूहळू मुळांशी झिरपत राहते. गावी जाताना घराची किल्ली शेजाऱ्यांकडे देण्याची रीत आहेच. आठवड्यातून दोनदा मडके भरण्याची विनंती तेव्हाच करता येते.