वास गावाचा की गाडीचा?

शिरूरहून न्हावरे, पारगाव, केडगाव करत चौफुल्याला निघणारा रस्ता आणि पुढे सोलापूर महामार्गावरचं पाटस, कुरकुंभ हा पट्टा डोळे मिटूनही ओळखता येईल. हंगामात केडगावच्या बाजूला गुऱ्हाळांच्या काहिलींचा गोडसर वास, कुठे मळीचा आंबूस दर्प, ऊस तुटलेल्या रानात पेटवलेल्या पाचटाचा धूर, मध्येच एखादी पोल्ट्री आणि कुरकुंभ एमआयडीसीजवळ रसायनांचा उग्रपणा. इथल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही आणि अडचण तिथेच आहे. बिघडताना गाडी जे वास सोडते, त्यातल्या बहुतेकांचा जुळा भाऊ या रस्त्यावर आधीच हजर असतो. कूलंट गळलं की गोड वास येतो, तो गुऱ्हाळाच्या नावावर जातो. बॅटरी जादा चार्ज होऊन उकळू लागली की सडक्या अंड्यांसारखी घाण सुटते, तिचा आळ कारखान्याच्या सांडपाण्यावर. वायरचं आवरण जळत असेल, तर बांधावर कुणीतरी कचरा पेटवला असेल म्हणून काच वर होते. म्हणून या भागात 'कसला वास आहे' याच्याआधी 'तो आपल्याबरोबर येतोय का' हे विचारायला हवं.

यावर नेहमीचा सल्ला असा, की एसीचं रिसर्क्युलेशनचं बटण दाबा. वास थांबला तर तो बाहेरचा. हे अर्धंच खरं आहे. बाहेरची हवा आत घेणारी जाळी बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या पायथ्याशी, म्हणजे बॉनेटला लागूनच असते. बॉनेटखालची वाफ आणि शेतातला धूर दोन्ही त्याच वाटेने आत येतात. बटणाने वास थांबला, तर तो केबिनमधला नाही एवढंच कळतं. खरा निवाडा रस्ता करतो. दोन-तीन किलोमीटर पुढे, ऊस आणि कारखाने मागे पडल्यावरही वास असेल, तर तो गाडीचा धरावा. अर्थात नाकाचा भरवसा थोडाच वेळ. एकाच वासात काही मिनिटं बसलं की नाक तो नोंदवणं सोडून देतं. 'मघाशी येत होता, आता गेला' या वाक्यात पुष्कळदा गेलेला नसतोच. मध्ये उतरून दोन मिनिटं मोकळ्या हवेत उभं राहावं आणि मग दार उघडून आत वाकावं.

कोणी म्हणेल, आता गाडीत इतके सेन्सर असताना नाक कशाला? कूलंटचंच बघा. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. पाणीच उतरलं की त्याला नुसती वाफ लागते आणि इंजिन तापलेलं असूनही काटा खाली राहू शकतो. गोड वास मात्र गळती बारीक असतानाच येऊ लागतो. केबिनमधला हीटर गळत असेल, तर काचेवर आतून तेलकट धुकं बसतं, पुसलं तरी परत येतं आणि डॅशबोर्डखालचा गालिचा ओला होतो. एसीचं पाणी तुंबूनही तो ओला होतो, पण ते नुसतं पाणी असतं. कूलंट बोटांना चिकट, बुळबुळीत लागतं. चव घेऊन बघू नये, ते विष आहे. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये, उकळतं पाणी तोंडावर येतं.

जळका वास ट्रॉल्यांच्या रांगेत हाफ क्लचवर सरकताना आला आणि थोडं थांबल्यावर गेला, तर क्लच प्लेट घासली एवढंच. वरचेवर येऊ लागला तर प्लेट संपत आली. मोकळ्या रस्त्यावर आला, तर हँडब्रेक बघावा, मग थांबून चारही चाकांजवळ तळहात न्यावा, न टेकवता. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल, तर तिथला ब्रेक अडकला आहे. प्लास्टिक जळल्याचा, पेट्रोलचा किंवा सीएनजीचा वास आला, तर मात्र वरची किलोमीटरची कसोटी विसरावी: गाडी बाजूला, इंजिन बंद, सगळे खाली. सीएनजीला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणूनच तो मिसळलेला असतो. सायलेन्सरचा धूर आत येत असेल, तर काचा उघडाव्यात. त्याच्यासोबतच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, आणि डोकं जड झालं की माणूस झोप आली समजतो.

वास दाबायला डॅशबोर्डवर परफ्यूमची बाटली ठेवणं हा सगळ्यात वाईट इलाज. एसी लावताक्षणी कुबट वास येत असेल, तर मुक्कामाच्या आधी पाच मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, आतली ओल सुकते. केबिनचा फिल्टरही काढून बघावा. उसाच्या फडाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे उंदराचं घरटं निघालं तर नवल नाही, आणि मग वायरीही तपासाव्या लागतात. गॅरेजात गाडी पोचते तेव्हा ती बहुधा थंड असते आणि वास गायब. तिथे नुसतं 'वास येतो' म्हणून भागत नाही: इंजिन गार होतं की तापलेलं, एसी चालू होता का, चढ होता की रांग, आणि चौफुला सोडल्यावरही वास होता का, एवढं सांगता आलं तर मिस्त्री थेट त्या पाइपापाशी जाईल.