जुन्या ट्रॅक्टरची चाके व ब्रेक

बैलगाडीच्या काळात गाडी जुंपण्यापूर्वी आसाला वंगण घालणे हा घरोघरीचा नियम होता. वंगण संपले की चाक कुरकुरू लागे आणि धाव सैल झाली की गाडी लोहाराच्या दारात जाई. गाडीचा दोष कानाला ऐकू येत असे. ट्रॅक्टरची गोष्ट निराळी आहे. त्याच्या इंजिनाच्या आवाजात चाकाच्या बेअरिंगची घरघर बुडून जाते, आणि ब्रेक निकामी होत आल्याचे तर कानाला मुळीच कळत नाही. ते कळते ते उताराच्या रस्त्यावर, भरलेली ट्रॉली मागून ढकलू लागल्यावर. यास्तव चाके व ब्रेक यांची तपासणी ठराविक दिवशी, काही बिघाड दिसो वा न दिसो, करणे अगत्याचे आहे.

हे विशेषतः जुन्या यंत्रांना लागू पडते. आपल्या देशात ट्रॅक्टरची बांधणी १९५९ साली फरीदाबाद येथे आयशर कंपनीने सुरू केली. पुढे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा बी-२७५, १९७१ पासून पिंजोरच्या कारखान्यातून आलेला एचएमटी आणि १९७४ पासूनचा स्वराज ही यंत्रे खेडोपाडी पोचली. त्यांतील पुष्कळ ट्रॅक्टर तीस-चाळीस वर्षांनंतरही नांगर व ट्रॉली ओढताना दिसतात. इंजिन दोनदा उतरवून नवे केलेले असते, रंगही नवा असतो. परंतु ब्रेकचे लायनिंग शेवटचे केव्हा पाहिले होते, या प्रश्नाला मालकाकडे सहसा उत्तर नसते. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. अशा यंत्राचे सुटे भाग ऐन हंगामात हुडकीत बसण्यापेक्षा आधीच तपासणी करून ते जमवून ठेवणे शहाणपणाचे होय.

प्रथम ट्रॅक्टरच्या ब्रेकचे वैशिष्ट्य समजून घेतले पाहिजे. मोटारीच्या चारही चाकांना ब्रेक असतात. दोन चाकांवर ओढणाऱ्या साध्या ट्रॅक्टरला मात्र ते केवळ मागील दोन चाकांना असतात, आणि त्या दोन चाकांसाठी दोन स्वतंत्र पेडले असतात. शेताच्या बांधाशी वळताना आतील चाकाचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर थोड्या जागेत फिरतो, यासाठी ही योजना आहे. शेतात सोयीची असलेली हीच गोष्ट रस्त्यावर घातक ठरते. वेगात असताना एकच पेडल दाबले गेले तर ते चाक थांबते, दुसरे पुढे धावते आणि ट्रॅक्टर एकाएकी आडवा फिरतो. त्याचा भार उंचावर असतो, शिवाय पुढचा आस मध्यभागी एकाच खिळीवर झुलता बसविलेला असल्यामुळे बाजूला कलंडू लागलेल्या ट्रॅक्टरला तो प्रारंभी काहीच आधार देत नाही. परिणामी यंत्र उलटते व चालक खाली सापडतो. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडले जोडणारी खिट्टी लावलीच पाहिजे, हे यावरून उघड होईल. पुष्कळ ट्रॅक्टरवर ही खिट्टी गंजून बसलेली किंवा मोडून हरवलेली आढळते. लोहाराकडून तात्पुरता सळईचा तुकडा वाकवून घेण्यापेक्षा मूळ भाग आणून बसवावा. त्याला फार खर्च येत नाही.

खिट्टी लावली म्हणजे मात्र काम संपले असे नव्हे. दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखेच लागत नसतील तर खिट्टी असूनही ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जातो. मशागतीत एकाच बाजूला वारंवार वळण घेतल्याने त्या बाजूचे लायनिंग लवकर झिजते, म्हणून हा दोष अगदी सामान्य आहे. त्याची परीक्षा घरच्या घरी होऊ शकते. कोरड्या, सपाट व मोकळ्या जागेत ट्रॉली व अवजार सोडून ट्रॅक्टर सावकाश चालवावा, खिट्टी लावलेली असताना सुकाणू सरळ धरून पेडल दाबावे आणि खाली उतरून जमिनीवरील खुणा पाहाव्यात. दोन्ही चाकांच्या घसरणीच्या खुणा सारख्या लांबीच्या असल्या तर ब्रेक समान आहेत. एकच खूण लांब उमटली असेल तर त्या बाजूचा ब्रेक आधी धरतो व दुसरा मागे राहतो.

पेडल हाताने दाबले असता प्रथम काही अंतर ते विनाविरोध खाली जाते. ही त्याची मोकळी चाल होय. ती किती असावी हे प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुस्तिका हरवली असल्यास विक्रेत्याकडून अथवा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मालकाकडून आकडा मिळवावा. अंदाजाने काम करू नये. दोन्ही पेडलांची चाल फूटपट्टीने मोजून ब्रेकच्या दांड्यावरील नट फिरवून ती सारखी करावी. चाल फार वाढली तर पेडल तळाशी टेकूनही ब्रेक लागत नाही. चाल अजिबात ठेवली नाही तर लायनिंग सतत घासून तापते. जुळणी केल्यावर ट्रॅक्टर एखादा किलोमीटर ब्रेक न दाबता चालवून ब्रेकच्या घराजवळ तळहात नेऊन पाहावे. एक बाजू गरम व दुसरी थंड लागली तर गरम बाजू अधिक आवळली गेली आहे, असे समजावे.

नट आवळूनही ब्रेक धरीत नाही, अशी तक्रार ज्या ट्रॅक्टरबद्दल येते तेथे बहुधा लायनिंगवर तेल उतरलेले असते. मागील आसावरील ऑइल सील कडक होऊन फुटले की गिअर पेटीतील तेल ब्रेकच्या घरात शिरते. चाकाच्या आतील बाजूस ओल व तिच्यावर बसलेली धूळ ही त्याची खूण होय. तेलाने भिजलेले लायनिंग पेट्रोलने धुऊन किंवा जाळून वापरण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. तेल लायनिंगच्या आत मुरलेले असते. ब्रेक तापला की ते पुन्हा वर येते. लायनिंग दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे. आणि सील न बदलता नुसते लायनिंग बदलणे म्हणजे पैसा पाण्यात टाकणे आहे. सील का फुटले याचाही शोध घ्यावा. गिअर पेटीत प्रमाणाबाहेर तेल भरलेले असणे, किंवा पेटीतील गरम हवा बाहेर सोडणारे ब्रीदरचे छिद्र मातीने बुजलेले असणे, ही नेहमीची कारणे आहेत. हवा कोंडली की ती तेलाला सीलमधून बाहेर रेटते. चिंधीने पुसता येणारे एवढेसे छिद्र दोन्ही ब्रेक निकामी करू शकते.

ब्रेक उघडताना एक धोका ध्यानात ठेवावा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस वापरीत असत. त्याची धूळ श्वासावाटे गेल्यास कालांतराने फुफ्फुसांचे गंभीर विकार होतात. ड्रममधील धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. गावातील मिस्त्रीच्या हाताखाली लहान मुले काम करीत असतील तर त्यांना अशा वेळी दूर ठेवावे. तेलात बुडालेले ब्रेक असलेल्या अलीकडील ट्रॅक्टरना ही कटकट नाही. मात्र त्यांत कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच तेल घालावे लागते.

भातखाचरात चिखलणी करून आलेल्या ट्रॅक्टरचे उघड्या रचनेचे ब्रेक पाण्याने भिजलेले असतात. रस्त्यावर येताच सावकाश चालवीत पेडल दोन-चार वेळा हलके दाबून ते सुकवावेत. चिखलणीच्या दिवसांत पुढील चाकांच्या हबला व आसाच्या खिळीला रोज ग्रीस द्यावे. जुने, चिखलमिश्रित ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत ग्रीसगन चालवावी. एरवी पुस्तिकेतील तासांप्रमाणे पुरे.

पुढील चाकाची बेअरिंग सैल आहे काय हे पाहण्यासाठी मागील चाकांना ठोकळे लावून पुढचा आस जॅकने उचलावा. केवळ जॅकवर भिस्त ठेवू नये. आसाखाली भक्कम लाकडी ओंडका द्यावा, आणि झुलता आस एका बाजूस कलू नये म्हणून आस व वरील सांगाडा यांत दोन्हीकडे लाकडी पाचर ठोकावी. चाक वर व खाली धरून हलविले असता खडखड जाणवल्यास हबची टोपी काढून नट आवळावा. चाक फिरवीत फिरवीत किंचित जड लागेपर्यंत नट आवळावा, नंतर पिनेची एक खाच मागे घ्यावा व नवी स्प्लिट पिन घालावी. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरणे किंवा तिच्या जागी खिळा वाकवून घालणे, ही काटकसर चाक निखळण्यास कारण होते.

टायरमधील हवेबाबत शेतकरी बहुधा डोळ्यांवर विश्वास ठेवतात. दाबमापक घेतलेला बरा. ६.००-१६ मापाच्या पुढील टायरला साधारणतः दर चौरस इंचास २४ ते ३० पौंड, व मागील मोठ्या टायरला शेतात १२ ते १४ पौंड हवा लागते. रस्त्यावर माल ओढताना मागील टायरला थोडी अधिक. नेमका आकडा पुस्तिकेतील घ्यावा. दोन्ही मागील टायरांत फरक असेल तर ब्रेक कितीही जुळविले तरी ट्रॅक्टर एका अंगाला जातो. ही तपासणी म्हणूनच ब्रेकच्या आधी करावी. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरले असल्यास व्हॉल्व्ह वरच्या बाजूस आणूनच दाब मोजावा. चाकांतील अंतर बदलताना चाक त्याच बाजूस उलटे बसविले तर नक्षीही उलटी होते व चिखलात पकड जाते. डावे चाक उजवीकडे व उजवे डावीकडे न्यावे. मागे उभे राहून पाहिले असता नक्षीची टोके वर वळलेली दिसली पाहिजेत. चाकाचे नट समोरासमोरचे असे जोडीने आवळावेत आणि पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा पाना लावावा.

आता ट्रॉलीविषयी. ऊस गाळपाच्या हंगामात दोन टनांच्या ट्रॅक्टरमागे सहा टन ओझ्याची, ब्रेक नसलेली ट्रॉली जोडलेली असते. थांबविण्याचे सर्व काम ट्रॅक्टरच्या दोन चाकांवर पडते. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा मोकळा ट्रॅक्टर ४ मीटरांत थांबत असेल, तर आठ टनांच्या त्या जोडणीला ढोबळमानाने १६ मीटर लागतील. त्यापूर्वी चालकाचा पाय पेडलवर पोचेपर्यंतच्या एका सेकंदात साडेपाच मीटर निघून गेलेले असतात ते निराळेच. वेग दुप्पट केला तर थांबण्याचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. यास्तव ट्रॉलीला स्वतंत्र ब्रेक बसवून घ्यावेत, व असलेले ब्रेक ट्रॅक्टरबरोबरच तपासावेत. घाट उतरताना, चढताना जो गिअर लागला असता तोच घालावा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करून उतरण्याची सवय काही चालकांना असते. तसे केल्यास इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि लायनिंग तापून त्याची पकड सुटते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कारखाना सुरू होण्यापूर्वी गावातील चालकांना एकत्र करून वरील खुणांची परीक्षा एकदा प्रत्यक्ष करून दाखवावी. त्याच वेळी ट्रॉलीला लावण्याच्या दगडांबाबतही सांगावे. पंक्चर काढून झाल्यावर चाकाखालचे दगड रस्त्यातच सोडून ट्रॉली निघून जाते, आणि रात्री दुचाकीवरून येणारा कोणी त्यांवर आदळतो. बाभळीच्या लाकडाचे दोन पाचरीसारखे ठोकळे सुताराकडून करून घेऊन ते साखळीने ट्रॉलीच्या सांगाड्यास कायम अडकवून ठेवावेत.