मंडळीची परिचारिका

जिच्या हातून सहसा कोणाला सुई टोचली जात नाही, सलाइन लावली जात नाही, आणि तरीही जिच्यापाशी सरकारदरबारी नोंदलेला परवाना व रुग्णसेवेचा मुरलेला अनुभव असल्यावाचून जिची नेमणूकच होत नाही, अशा परिचारिकेची जागा अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांच्या दप्तरी मुक्रर झालेली आहे. तिची कचेरी प्रार्थनामंदिराच्या आवारात, बहुधा पाळकसाहेबांच्या खोलीला लागून असते. आणि तिचे रोगी म्हणजे दर रविवारी उपासनेला येणारी, एकमेकांची लग्ने नि अंत्यविधी पाहिलेली माणसे. पॅरिश नर्स या नावाने ही संस्था ओळखली जाते.

तिचे जनकत्व ग्रेंजर वेस्टबर्ग या लुथरन पाळकांकडे जाते. 1913 साली शिकागोत जन्मलेल्या या गृहस्थांनी इस्पितळातील धर्मोपदेशक म्हणून रोग्यांच्या उशाशी बसण्यात उमेदीची वर्षे घालविली आणि पुढे शिकागो विद्यापीठात धर्मशास्त्र व वैद्यक या दोन्ही विभागांत एकाच वेळी अध्यापन केले. वैद्याकडे येणाऱ्या कितीएक माणसांचे दुखणे शोक, एकाकीपणा किंवा घरातील कलह यांतून सुरू झालेले असते, परंतु ते पोटदुखीच्या किंवा निद्रानाशाच्या वेषात येत असल्यामुळे त्याची दखल औषधाच्या चिठ्ठीपलीकडे घेतली जात नाही, ही त्यांची खात्री तेथे पक्की झाली. 1970 च्या आसपास ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे आणि नंतर शिकागोच्या परिसरात त्यांनी प्रार्थनामंदिरांतच दवाखाने थाटले. तेथे नव्या रोग्याने प्रथम डॉक्टर, पाळक आणि परिचारिका या तिघांसमवेत बसून आपली हकीकत सांगावी, असा शिरस्ता होता. कल्पना थोर होती, पण डॉक्टर हे महाग प्रकरण! दवाखान्यांचा खर्च मंडळ्यांना पेलेना. मात्र या प्रयोगातून एक गोष्ट ध्यानी आली, ती अशी की, डॉक्टरांची परिभाषा आणि पाळकांची परिभाषा या दोहोंत सहज वावरणारी व्यक्ती त्या खोलीत एकच होती, आणि ती म्हणजे परिचारिका.

मला स्वतःला वेस्टबर्ग यांच्या तत्त्वज्ञानाहून हा व्यावहारिक शोध अधिक मोलाचा वाटतो. आणि त्याला मुहूर्तही बरा लाभला. 1983 साली अमेरिकेच्या संघसरकारने वृद्धांच्या आरोग्यविम्यात असा बदल केला की, रोगी किती दिवस खाटेवर राहिला हे न पाहता रोगाच्या प्रकारानुसार ठरलेली रक्कमच इस्पितळाला मिळावी. परिणामी अर्धवट बरी झालेली म्हातारी माणसे लवकर घरी जाऊ लागली. घरी गेल्यावर त्यांच्याकडे पाहणार कोण, हा प्रश्न इस्पितळांपुढेही उभा राहिलेला असताना, 1984 च्या सुमारास इलिनॉय राज्यातील पार्क रिज येथील लुथरन जनरल इस्पितळाने मंडळ्यांत परिचारिका नेमण्याची वेस्टबर्ग यांची योजना उचलून धरली. चार प्रॉटेस्टंट आणि दोन कॅथलिक, अशा सहा मंडळ्यांत परिचारिका तैनात झाल्या. आरंभी पगाराचा मोठा हिस्सा इस्पितळाने द्यावा व तो दरसाल घटत जाऊन अखेरीस मंडळीने भार उचलावा, असा करार होता.

तिचे काम पाहायचे तर रविवारची उपासना आटोपल्यावर दिवाणखान्यात कॉफीच्या टेबलाशेजारी मांडलेल्या तिच्या खुर्चीपाशी थांबावे. रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडाला गुंडाळून होईपर्यंत समोरची बाई ‘मला काही होत नाही’ असेच म्हणत असते. आकडा चढा आला म्हणजे पाच मिनिटे स्वस्थ बसून पुन्हा मोजायचे असते, आणि त्या पाच मिनिटांत नवऱ्याची विस्मृती, रात्रीची जागरणे, परगावी असलेल्या मुलाचे न आलेले फोन असे सारे बाहेर पडते. दुसरे दृश्य स्वयंपाकघरातले. घरात असतील नसतील तेवढ्या औषधांच्या बाटल्या एका पिशवीत घालून आणावयास ती सांगते, टेबलावर त्या रांगेने मांडते आणि एकेक लेबल वाचत जाते. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी लिहून दिलेले एकच औषध म्हातारबुवा इमानेइतबारे दोन्ही वेळा घेत आहेत, असे अशा वेळी उघडकीस येते. मग ती डॉक्टरांना फोन करते, कोणाच्या गाडीतून जायचे ते ठरविते, शेजारच्या दोघींना जेवणाचा डबा पोचविण्याच्या कामी लावते.

प्रार्थना ती करते, परंतु रोग्याची इच्छा असेल तरच. दुखण्याच्या आडून धर्मप्रसार करण्याची मुभा तिला नाही. याहून नाजूक बाब गुप्ततेची आहे. ज्या मंडळीत आजाऱ्यांची नावे व्यासपीठावरून वाचून त्यांच्यासाठी प्रार्थना होते, तेथे परिचारिकेच्या नोंदवहीतील गोष्ट रोग्याच्या संमतीवाचून खुद्द पाळकांच्याही कानी जाता कामा नये, हा दंडक पाळणे वाटते तितके सोपे नसावे.

या परंपरेची मुळे ऱ्हाइनकाठच्या कैसरवर्थ गावी सापडतात. 1836 साली थिओडोर फ्लीडनर या पाळकांनी आपल्या पत्नीच्या साहाय्याने तेथे इस्पितळ आणि सेविकांचे मातृगृह स्थापिले. 1851 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी काही महिने तेथेच धडे घेतले. तेथल्या सेविका गावोगावच्या मंडळ्यांत जाऊन घरोघर शुश्रूषा करीत.

आपल्याकडे या वंशावळीतले थेट उदाहरण देण्यापेक्षा एका चुलतघराण्याचा उल्लेख करणे उचित होईल. रजनीकांत आणि मेबेल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने 1970 साली जामखेड येथे आरंभिलेल्या प्रकल्पात खेड्यातील, पुष्कळदा निरक्षर, अशा स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन डॉक्टर आणि घर यांच्यामधली रिकामी जागा भरली. आणि जिनीव्हाच्या जागतिक चर्च परिषदेच्या वैद्यकीय आयोगाने हा प्रयोग जगापुढे मांडला. फरक मात्र मोठा आहे. जामखेडची सेविका साऱ्या गावाची असते, परवानाधारक परिचारिका नसते, आणि तिला जातिभेदाच्या भिंतीतून वाट काढावी लागते.

अमेरिकेत 1998 साली परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने या शाखेला मान्यता देऊन तिच्या कामाची प्रमाणे प्रसिद्ध केली. पुढे यहुदी आणि मुस्लिम समाजांतूनही अशा परिचारिका नेमल्या जाऊ लागल्या, तेव्हा 2005 साली पॅरिश नर्स हे केवळ ख्रिस्ती वळणाचे नाव बदलून ‘श्रद्धासमाजाची परिचारिका’ अशा अर्थाचे नाव अधिकृत झाले. पगाराचे घोंगडे मात्र भिजतच राहिले. न झालेला पक्षाघात कोणत्या जमाखर्चात धरायचा, याचे उत्तर हिशेबनिसांपाशी नसल्यामुळे अनेक मंडळ्यांत हे काम विनावेतन चालते. कैसरवर्थच्या सेविकेलाही पगार नव्हता. पण आजारपणात आणि वृद्धपणी तिचा सांभाळ करण्याची हमी मातृगृहाने घेतलेली असे, आणि तसली हमी या नव्या स्वयंसेविकांना त्यांच्या मंडळीकडून मिळत नाही.