सहा ध्वनी

२००६ ची दिवाळी आम्ही कोल्हापुरात साजरी केली. आमची लेक तेव्हा नऊ महिन्यांची होती. घरात सारे तिला चिमणी म्हणतात, म्हणून या लेखातही तेच नाव वापरतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे समोरच्या वाड्यातील मुलांनी फटाक्यांची माळ लावली. खिडकीची तावदाने थरथरली, शेजारचे तान्हे बाळ किंचाळून रडू लागले. चिमणी मात्र पाळण्यात गाढ झोपली होती. "किती शांत पोर आहे, दृष्टच काढली पाहिजे," असे म्हणत आईने खरोखरच मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मलाही त्या वेळी लेकीचे कौतुकच वाटले. बारशाला आत्याने तिच्या कानात 'कुर्र' करून जे नाव सांगितले होते, ते तिच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते, हे कळायला आम्हांला आणखी नऊ महिने लागले.

त्यानंतर जून २००७ मध्ये माझी बदली बंगळुरूला झाली. मल्लेश्वरमला भाड्याचे घर घेतले, सामान लावले. दीड वर्षाची झाली तरी चिमणी एक शब्द बोलत नव्हती. "तूही उशिराच बोललास," हे आईचे उत्तर मला सोयीचे वाटे. सौभाग्यवतींना मात्र ते पटत नव्हते. एका दुपारी त्यांनी चिमणीच्या पाठीमागे उभे राहून स्टीलचे पातेले उलथन्याने दणादण वाजवले. चिमणीने मान वळवली नाही. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ते पातेले तसेच जमिनीवर पडले होते आणि घरात दिवा लावलेला नव्हता.

पुढची चाचणी 'बेरा' नावाची. मुलाला झोपवून कपाळावर व कानामागे लहान चकत्या चिकटवतात, कानात टिकटिक असा आवाज सोडतात आणि मेंदूकडे जाणारी नस त्याला काय उत्तर देते ते यंत्रावर उमटते. आवाज वाढवत वाढवत नव्वद डेसिबलपर्यंत नेला, तरी उत्तर आले नाही. दोन्ही कानांत जन्मतःच अतितीव्र बहिरेपणा, असे निदान झाले. पुढे चार महिने दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लावून पाहिली. त्यांचा उपयोग झाला नाही आणि तो का झाला नाही हे समजून घेणे माझ्यासारख्या हिशेबी माणसाला आवश्यक वाटले.

आपल्या आंतरकर्णात शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. हवेतील कंपनांचे विजेच्या संकेतांत रूपांतर करून ते श्रवणनसेला देणे हे त्यांचे काम. चिमणीसारख्या बहुतेक मुलांत या पेशीच निकामी असतात, नस मात्र शाबूत असते. साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करते, परंतु घेणाराच नसेल तर मोठ्या आवाजाचा काय उपयोग? कॉक्लिअर इम्प्लांट ही व्यवस्था या पेशींना वगळून थेट नसेशी बोलते. कानावर अडकवलेला प्रोसेसर आवाज टिपून त्याचे संकेत बनवतो. डोक्यावर चुंबकाने चिकटणारी एक चकती ते रेडिओलहरींद्वारे त्वचेपलीकडे पाठवते आणि आत बसवलेले यंत्र शंखात सरकवलेल्या बारीक तारेवरील इलेक्ट्रोडांना वीज देते. चिमणीच्या तारेवर असे बावीस इलेक्ट्रोड आहेत. पंधरा हजारांच्या जागी बावीस! मला ही तडजोड फारच तोकडी वाटली होती.

या तारेची कथा डॉक्टरांनी आम्हांला सांगितली. ऑस्ट्रेलियातील ग्रॅम क्लार्क यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना कमी ऐकू येई. मुलगा कानाचा शल्यचिकित्सक झाला. शंखाच्या वळणात तार खोलवर कशी सरकवावी हा प्रश्न सुटत नव्हता. १९७७ मध्ये सुट्टीत समुद्रकिनारी बसले असता त्यांनी एका शिंपल्यात गवताचे पाते सरकवून पाहिले. टोकाशी लवचीक आणि बुडाशी ताठ असलेले पाते वळणे घेत सहज आत गेले. १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्न येथे त्यांनी बहुइलेक्ट्रोडचे आपले पहिले यंत्र एका प्रौढ रुग्णाच्या कानात बसवले.

कारण समजले, उपायही समजला. तरीही शस्त्रक्रियेला होकार द्यायला मी तीन महिने लावले, हे येथे कबूल केले पाहिजे. मूल थोडे मोठे होऊ दे, तोवर तंत्रज्ञान स्वस्त होईल, असा माझा विचार. व्याजदर उतरण्याची वाट पाहणाऱ्या कर्जदाराचाच हा विचार होता. परंतु येथे वाट पाहण्याचे व्याज मूल भरते. मेंदूतील ऐकण्याच्या भागाला पहिल्या साडेतीन वर्षांत आवाज मिळाला तर तो आवाजासाठी घडतो. नंतर ती जागा हळूहळू इतर इंद्रियांच्या कामाला जाऊ लागते. शंख जन्मतःच पूर्ण वाढलेला असल्याने मूल वाढले म्हणून तार बदलावी लागत नाही, हेही तेव्हा कळले. माझी ढाल गळून पडली.

उरला प्रश्न पैशांचा. यंत्र, शस्त्रक्रिया व रुग्णालय मिळून साडेसात लाखांचा आकडा समोर होता. भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली, कर्मचारी पतसंस्थेचे कर्ज काढले. तरीही दीड लाख कमी पडत होते. आईने न विचारता स्वतःच्या पाटल्या माझ्यापुढे ठेवल्या. दृष्ट काढली त्या दिवसाबद्दल ती एक अक्षरही बोलली नाही. एका विमा कंपनीने यंत्राचा खर्च देण्यास नकार दिला. तो पत्रव्यवहार आजही माझ्या कपाटात आहे, असो. आज परिस्थिती बरीच बदलली आहे. केंद्राच्या 'एडिप' योजनेत २०१४ च्या सुधारणेनुसार वर्षाला ५०० मुलांसाठी, प्रत्येकी सहा लाख रुपयांपर्यंत इम्प्लांटची तरतूद झाली आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे तिचे काम आले. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणीही आहे. गरजू पालकांनी जवळच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी अवश्य करावी.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. हा खर्च एकदाच होत नाही. बॅटऱ्या, वायर, चकती यांचा खर्च सतत असतो आणि काही वर्षांनी बाहेरचा प्रोसेसर बदलावा लागतो. शस्त्रक्रियेच्या महिन्यातच मी चिमणीच्या नावे एक आवर्ती ठेव उघडली होती. २०१६ मध्ये नवा प्रोसेसर घेताना तीच कामी आली.

मार्च २००८ च्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. इम्प्लांट असलेल्यांना मेंदूज्वराचा धोका थोडा अधिक असतो, हे २००२ च्या सुमारास जगभर लक्षात आले होते. त्यामुळे न्यूमोकॉकसची लस आधीच टोचून घेतली होती. आदल्या संध्याकाळी संमतिपत्र पुढे आले. चेहऱ्याच्या नसेला इजा, चक्कर, जिभेची चव जाणे, यंत्र बंद पडणे असे सारे संभाव्य धोके त्यात नोंदलेले होते. कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी अटी वाचा, असे मी रोज ग्राहकांना सांगतो. त्या दिवशी मी त्या अटी चार वेळा वाचल्या आणि सही नेहमीसारखी आली नाही. सकाळी कानामागचे केस काढलेली, उपाशीपोटी किरकिरणारी चिमणी परिचारिकेच्या कडेवरून आत गेली. कानामागील हाडात खोबण करून, चेहऱ्याच्या नसेशेजारून वाट काढत तार शंखात सरकवायची असते. तीन तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "नस उत्तर देते आहे." टेबलावरच यंत्र तपासून पाहिले होते. बेराच्या कागदावर जे उत्तर आले नव्हते, ते आज आले होते.

जखम भरल्यावर चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. त्या दिवशी लेक आवाजाच्या दिशेने पाहून हसेल असे चित्र आम्ही मनात रंगवले होते. प्रत्यक्षात श्रवणतज्ज्ञाने संगणकावर कळ दाबताच चिमणी दचकली, तिचा चेहरा रडवेला झाला आणि तिने चकती ओढून फेकून दिली. पुढचे दोन आठवडे चकती फेकणे आणि आम्ही ती शोधणे हाच कार्यक्रम होता. पंधराव्या की सोळाव्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि खेळता खेळता तिचा हात थांबला. एवढेच. आई ओट्याशी उभी होती. तिने गॅस बंद केला नाही. पुढच्या तीन शिट्ट्या होऊ दिल्या. त्या दिवशी वरणाचा पार लगदा झाला.

खरा पेच यानंतरचा होता. भाषोपचार करणाऱ्या बाई कन्नड भाषक. इमारतीत कन्नड, शाळेत इंग्रजी, घरात मराठी. मुलीला नव्याने ऐकायला शिकवायचे ते कोणत्या भाषेत? ओळखीच्या लोकांचा सल्ला इंग्रजीचा होता आणि माझाही कल तिकडेच होता. बाईंनी एकच प्रश्न विचारला: घरात तुम्ही रागावता कोणत्या भाषेत? मग त्याच भाषेत बोला, दिवसभर बोला, असे त्यांनी बजावले. तासाभराच्या उपचाराने मूल बोलत नाही. उरलेला दिवस घरानेच बोलायचे असते.

हे काम आईने अंगावर घेतले. मेथी निवडताना, फुलपात्र विसळताना, पायऱ्या उतरताना तिचे बोलणे अखंड चाले. "ही बघ मेथी. काडी वेगळी, पान वेगळे. काडी टाकायची, पान ठेवायचे." हे ऐकून शेजारच्या आजींना आई आपल्याशीच बोलते आहे असे वाटे आणि त्या कन्नडमधून उत्तरे देत. बाई कागदावर मराठी शब्द लिहून घेत. चमच्यातला 'च' आणि चिमणीतला 'च' एक नव्हेत, हे बाईंच्या लक्षात आईने आणून दिले. त्यांना त्या फरकाचे भारी नवल वाटले. चमच्यातला 'च' चिमणीला जमायला पुढे दीड वर्ष लागले.

रोज सकाळी प्रोसेसर लावल्यावर सहा ध्वनींची तपासणी असे: आ, ई, ऊ, म, श, स. जाड्या आवाजापासून बारीक आवाजापर्यंत बोलण्याचा सारा पल्ला या सहांत येतो. तोंडापुढे वर्तमानपत्र धरून आई एकेक ध्वनी उच्चारी आणि ऐकू आला की चिमणीने एक चिंचोका डब्यात टाकायचा. सर्वांत उशिरा 'स' आला. नावाला तिने ओ दिली ती डिसेंबरात. आणि पहिला सुस्पष्ट शब्द कोणता, तर 'नको'. दुधाच्या पेल्याकडे पाहून. सौभाग्यवतींनी तो पेला स्वतःच पिऊन टाकला.

सारेच सुरळीत झाले असे नाही. गोंगाटात तिला अजूनही शब्द निसटतात; लग्नाच्या पंगतीत ती गप्प बसते. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर स्थिर विजेच्या भीतीने प्रोसेसर काढून ठेवावा लागे, म्हणून लहानपणी बागेत जायला ती नाखूश असे. पावसाळ्यात प्रोसेसर रात्री ओल शोषणाऱ्या डबीत ठेवावा लागतो. रात्री तो काढला की तिच्यासाठी जग पूर्ण शांत होते. ती शांतता आपल्याला आवडते असे तिने एकदा मला सांगितले, तेव्हा मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही.

चिमणी आता महाविद्यालयात शिकते. कन्नड ती माझ्यापेक्षा बरी बोलते. आईने ब्याऐंशी ओलांडली आहे आणि गेल्या तीन वर्षांपासून तिला ऐकू कमी येते. श्रवणयंत्र आणले आहे, पण ते घालायला ती तयार नसते; "मला सगळे ऐकू येते, तुम्हीच पुटपुटता," हे तिचे म्हणणे. रविवारी सकाळी चिमणी ते यंत्र पुसते, बॅटरी पाहते, आजीच्या कानात नीट बसवते आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरून समोर बसते. आजीच्या मांडीवर चिंचोक्यांचा तोच जुना डबा असतो. आ, ई, ऊ, म, श यांना चिंचोके पडतात. 'स'ला आजीचा हात थांबतो. चिमणी वर्तमानपत्र खाली घेत नाही. थोडे पुढे सरकून पुन्हा 'स' म्हणते.