मोठा कॅम म्हणजे मोठी ताकद? गैरसमज आणि वस्तुस्थिती

शनी अमावास्येला नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरून घोडेगावला शनिशिंगणापूरकडे वळलं, की गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकते. पहिला गिअर, क्लच, ब्रेक, पुन्हा क्लच. इंजिन हजाराच्या आसपास आरपीएमवर आणि डोक्यावर ऊन. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’सारख्या ड्रॅग शर्यतीत उतरायचं, तर तीच गाडी पूर्ण थ्रॉटलवर ताणावी लागते. ड्रॅगचं जगभरचं जुनं माप पाव मैलाचं, म्हणजे 402 मीटरचं. एकाच व्ही-8 कडून ही दोन्ही कामं करून घ्यायची असतील, तर कॅमशाफ्ट विचार करूनच निवडायला हवा.

व्हॉल्व्ह उघडणारा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. व्हॉल्व्ह किती उघडतो ती लिफ्ट आणि क्रँक किती अंश फिरेपर्यंत तो उघडा राहतो ते ड्युरेशन. नगरच्या कायनेटिकने 1972 मध्ये आणलेल्या टू-स्ट्रोक लूनाला कॅमच नव्हता, कारण तिथे पिस्टनच पोर्ट उघडायचा आणि झाकायचा. फोर-स्ट्रोक इंजिनाचा श्वास मात्र कॅमच्या हातात असतो.

गैरसमज : मोठा कॅम घातला की ताकद सगळीकडे वाढते.

वस्तुस्थिती : ताकद वरच्या आरपीएमकडे सरकते. ड्युरेशन वाढलं की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. कमी आरपीएमला वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो आणि खालचा दम जातो. जास्त आरपीएमला हवेला इतकी गती असते, की पिस्टन वर निघाल्यावरही ती आत भरत राहते. किलोवॅट काढायचे तर न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले 9549. समजा, लहान कॅमवर 3000 आरपीएमला 400 न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो आणि 6000 ला 280. म्हणजे 126 आणि 176 किलोवॅट. मोठ्या कॅमवर तेच आकडे 340 आणि 360 झाले, तर 107 आणि 226 किलोवॅट. वर 50 मिळाले, खाली 19 गेले. रांगेत, घाटात, सिग्नलला गाडी या खालच्या भागातच असते.

गैरसमज : आयडलला डुगडुगणारं इंजिन म्हणजे दमदार इंजिन.

वस्तुस्थिती : तो आवाज ओव्हरलॅपचा. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही काळ एकत्र उघडे राहतात आणि मंद गतीत जळका वायू ताज्या मिश्रणात मिसळतो. कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधला, म्हणजे उंचवट्यांमधला, कोन 108 अंशांच्या आसपास असेल तर डुगडुग जास्त, 114 असेल तर आयडल शांत. ओव्हरलॅप वाढला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो आणि त्यावर चालणारा ब्रेक बूस्टर दुबळा होतो. गर्दीत पेडल दगडासारखं कडक लागणं धोक्याचं आहे. 2016 मध्ये भारतात आलेल्या मस्टँग जीटीच्या 5 लिटर व्ही-8 मध्ये कॅम चालत्या इंजिनातच पुढेमागे होतात आणि ओव्हरलॅप कमीजास्त होतो. जुन्या, एकाच कॅमच्या पुशरॉड इंजिनात ही सोय नाही.

गैरसमज : कॅटलॉगात ड्युरेशनचा आकडा मोठा, तो कॅम मोठा.

वस्तुस्थिती : आधी माप कुठे घेतलंय ते पाहा. व्हॉल्व्ह जेमतेम हलतो तिथून मोजलेलं ड्युरेशन जाहिरातीत मोठं दिसतं, आणि त्याची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी. तुलना लोबवर टेकलेला टॅपेट 0.050 इंच, म्हणजे 1.27 मिलिमीटर, उचलला जातो तिथून मोजलेल्या आकड्यांचीच करावी. या मापाने शेव्हरोलेच्या साध्या 350 घनइंची इंजिनाचा कॅम इनटेकला सुमारे 195 अंशांचा, 350 अश्वशक्तीच्या 327 चा 222 अंशांचा आणि 1967 च्या कॅमॅरो झेड/28 चा 254 अंशांचा. रस्ता आणि धावपट्टी दोन्ही सांभाळायची, तर अशा इंजिनाला साधारण 220 ते 230 पुरतात.

गैरसमज : कॅम बदलला की काम झालं.

वस्तुस्थिती : जास्त लिफ्टला जुनी स्प्रिंग पुरत नाही, ती पूर्ण दबून वेटोळ्यावर वेटोळं बसलं तर पुशरॉड वाकतो. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतरही मोजायलाच हवं. पिस्टनच्या माथ्यावर प्लॅस्टिसिन लावा, हेड बसवा, क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवा, हेड उतरवा आणि दबलेला थर कापून मोजा. इनटेकला किमान 2 आणि एक्झॉस्टला 2.5 मिलिमीटर ही रूढ मर्यादा आहे. मोठ्या कॅमला कॉम्प्रेशनही वाढवावं लागतं, मागचा गिअर छोटा लागतो आणि ऑटोमॅटिक गाडीत कन्व्हर्टर बदलावा लागतो.

गैरसमज : नवं इंजिन आधी आयडलला शांत चालू द्यावं.

वस्तुस्थिती : फ्लॅट टॅपेट कॅमला हेच मारक ठरतं. लोबवर तेल मुख्यतः क्रँकच्या फिरण्यातून उडून येतं आणि आयडलला ते अपुरं पडतं. इंजिन सुरू होताच 2000 ते 2500 आरपीएमवर 20 मिनिटं, आकडा वरखाली करत ठेवा. ऑइल झिंक असलेलंच घ्या. रोलर टॅपेटला ही कसोटी नाही.

गैरसमज : कॅम आत असतो, कोणाला कळणार?

वस्तुस्थिती : पीयूसीला पेट्रोल गाडीचा धूर आयडलला तपासतात आणि ओव्हरलॅपमुळे न जळलेलं हायड्रोकार्बन तिथेच वाढतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हे ठामपणे सांगितलं. रस्त्यावर शर्यत लावणं तर सरळ गुन्हाच आहे. वेग धावपट्टीवरच काढावा.

म्हणून गाडीचं वजन, कॉम्प्रेशन, गिअर आणि ब्रेक हे आधी कागदावर लिहा, त्यानंतरच कॅमचा आकडा ठरवा. दोन कॅममध्ये मन अडलं, तर लहान घ्या. धावपट्टी वर्षातून मोजकेच दिवस मिळते. घरची माणसं बसवून गाडी रोज चालवायची असते, आणि तिथे ब्रेक लागणं आणि इंजिन बंद न पडणं सगळ्यात महत्त्वाचं.