वर्णसंकेत परिवर्तन, जालकाद्वारे

एका संकेतप्रणालीत नोंदलेला मजकूर, त्याचे वाचन न बदलता, दुसऱ्या संकेतप्रणालीत आणण्याच्या क्रियेस वर्णसंकेत परिवर्तन म्हणतात. हे कार्य जालकावरील एका संगणकाने इतर संगणकांसाठी करावयाचे असल्यास मागणी व उत्तर यांची मांडणी आधी निश्चित करावी लागते. अशा नियमसंचास प्रोटोकॉल ही संज्ञा आहे.

पार्श्वभूमी : संगणक अक्षर साठवीत नाही, तर अक्षराला दिलेला क्रमांक साठवितो. आस्की या अमेरिकन प्रमाणात (१९६३) १२८ स्थाने असून ती मुख्यतः रोमन लिपीसाठी आहेत. भारतीय लिपींसाठी इस्की हे आठ बिटांचे प्रमाण (आयएस १३१९४) १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. यांखेरीज मुद्रणासाठीच्या अनेक टंकसंचांनी आपापले स्वतंत्र संकेत वापरल्याने मराठी मजकूर परस्परांस अगम्य अशा अनेक रूपांत साठविला गेला.

उदाहरणार्थ, भंडारा जिल्ह्यातील वरठी या गावाचे नाव (भंडारा रोड हे रेल्वे स्थानक येथेच आहे) इस्कीत २१२, २०७, १९०, २२० या चार बाइटांनी लिहिले जाते. युनिकोडमध्ये त्याच वर्णांचे क्रमांक २३५७, २३५२, २३३६, २३६८ असून यूटीएफ-८ या रूपात प्रत्येकास तीन, म्हणजे एकूण बारा बाइट लागतात. दोन्ही क्रमांकांतील अंतर सर्वत्र सारखे नसल्याने केवळ बेरजेने भागत नाही, कोष्टक लागते. संकेताचे नाव न कळता तेच चार बाइट पश्चिम युरोपीय संचानुसार वाचले, तर तीन चिन्हांकित रोमन अक्षरे व पाऊण या अपूर्णांकाचे चिन्ह दिसते.

प्रोटोकॉलची रचना : मागणीच्या शीर्षभागात आवृत्ती, मूळ व इष्ट संकेतांची नावे, मजकुराची बाइटांतील लांबी आणि दोष आढळल्यास करावयाची कृती एवढ्या बाबी पुरेशा होतात. शीर्षभाग केवळ आस्कीत असावा. कारण संकेताचे नाव वाचण्यासाठीच संकेत माहीत असावा लागला, तर व्यवहार सुरूच होणार नाही. लांबी देणे आवश्यक असते, कारण जालकातून मजकूर अखंड प्रवाहाच्या रूपात येतो व त्याचे तुकडे कोठेही पडू शकतात. एका अक्षराचे दोन बाइट आले व तिसरा मागे राहिला, तर तो येईपर्यंत थांबावे लागते. वरील नावासाठी मागणीत ४ आणि उत्तरात १२ ही लांबी येईल.

प्रत्येक जोडीसाठी वेगळे कोष्टक केल्यास सहा संकेतांना ३० कोष्टके लागतात. युनिकोड हा मध्यस्थ मानल्यास १२ पुरतात.

दोष व दक्षता : दोष दोन प्रकारचे असतात : मूळ बाइटक्रमच अवैध असणे आणि इष्ट संकेतात त्या अक्षरास स्थान नसणे. दोन्ही प्रसंगी उत्तरात दोषाचे स्थान कळवावे. अक्षर निमूटपणे गाळणे सर्वांत घातक होय. टंकसंचांच्या संकेतांत ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाआधी नोंदलेली असते. ‘जिल्हा’ लिहिताना ती ‘ज’नंतर न्यावी लागते. मराठीतील अर्ध्या ऱ्-कडे विशेष लक्ष पुरवावे लागते. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. त्यांपैकी एकात अदृश्य जोडचिन्ह असते. ते गळाल्यास ‘आचाऱ्यास’ याचे ‘आचार्यास’ होते आणि स्वयंपाक्याचा निरोप गुरूस पोहोचतो. शब्द शुद्धच दिसत असल्याने ही चूक यंत्राच्या वा घाईने वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

म्हणून परिवर्तित मजकूर पुन्हा मूळ संकेतात आणून दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत मूळ प्रत नष्ट करू नये. जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे उतारे, मतदार याद्या अशा दस्तऐवजांत एका वर्णाच्या फरकाने व्यक्ती वा गाव यांची ओळख बदलू शकते.