पेरणीआधी उगवण, बदलाआधी तपासणी

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला जाणता शेतकरी सोयाबीनचे घरचे बियाणे सरळ शेतात टाकत नाही. १०० दाणे मोजतो, ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि काही दिवसांनी कोंब मोजतो. ७० किंवा त्याहून जास्त उगवले, तरच निर्धास्तपणे पेरतो. संगणकाची प्रणाली बदलताना ही सावधगिरी मी दाखवली नाही. त्याचीच ही गोष्ट.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात सहा जुने संगणक आहेत. त्यांवर ‘डेबियन’ ही मुक्त प्रणाली चालते. मुक्त म्हणजे ती कोणीही वापरावी, उघडून पाहावी, सुधारावी; परवान्याचे पैसे नाहीत. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी ती सुरू केली. आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. साधारण दर दोन वर्षांनी डेबियनची नवी आवृत्ती येते.

बाराव्या आवृत्तीवर जायचे म्हणून एका संध्याकाळी मी आज्ञा दिली आणि चहाला गेलो. परतलो तो काम अर्ध्यात थांबलेले! संगणक पुन्हा सुरू केला, तर नेहमीचा पडदा नाही, काळ्या पाटीवर नुसती अक्षरे. त्याच संगणकात गावातल्या एका मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची कागदपत्रे होती आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. बापलेक पहाटेच्या एसटीने मूळ कागद घेऊन यवतमाळला गेले. अर्ज भरला गेला, पण बापाची एक दिवसाची मजुरी बुडाली. चूक माझी होती.

झाले काय होते? या प्रणालीत प्रत्येक कार्यक्रम ‘पॅकेज’ म्हणून येतो. एक पॅकेज दुसऱ्यावर विसंबून असते. ‘डीपीकेजी’ नावाचा कारकून त्या सर्वांची खतावणी ठेवतो: कोणते पूर्ण बसले, कोणते नुसतेच उघडले, कोणाची जुळणी अर्धवट राहिली. काही महिन्यांपूर्वी मी प्रिंटरसाठी बाहेरून आणलेले एक पॅकेज असेच अर्धवट पडले होते. प्रिंटर चालत होता, म्हणून मी तिकडे पाहिले नाही. नव्या आवृत्तीची शेकडो पॅकेजे बसू लागली आणि नेमकी तिथेच गाडी अडली.

आता मी आधी खतावणी पाहतो. डीपीकेजीला ‘ऑडिट’ करायला सांगितले, की तो अर्धवट पॅकेजांची यादी देतो. उत्तर कोरे आले, तर खतावणी स्वच्छ. नावे आली, तर आधी ती दुरुस्त करायची. मग मुद्दाम ‘होल्ड’वर, म्हणजे थोपवून ठेवलेली पॅकेजे पाहायची. बाहेरच्या भांडारांतून आणलेली वेगळी काढायची. डिस्कवर जागा किती, तेही बघायचे. ‘एपीटी’ हा कार्यक्रम प्रत्यक्ष काही न बदलता रंगीत तालीमही करून दाखवतो. काय काढले जाणार, हे त्यात आधीच कळते.

आणखी दोन गोष्टी. मधली आवृत्ती गाळून उडी मारू नये. अकरावरून बारा, मग तेरा. आणि यंत्राची जात विचारावी. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीने जुन्या ३२-बिट पीसींचा पूर्ण आधार काढून घेतला आहे. डीपीकेजीने यंत्राची जात ‘आय-३८६’ सांगितली, तर तेराव्या आवृत्तीकडे नेऊच नये.

या सर्वांआधी मात्र लोकांची कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवावीत आणि वीज जाण्याची वेळ टाळावी. तपासणीला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मी वाचवला आणि दुसऱ्याचा दिवस घालवला. प्रणाली फुकट मिळते. तिच्यावर विसंबलेल्या माणसाचा दिवस फुकट नसतो.